हलगी थांबत नाही तेव्हा

२०२१ च्या एप्रिल-मेमध्ये, कोविडच्या लाटेत, मराठी घरांत काही शब्द अचानक रोजच्या बोलण्यात आले. "सीआरपी किती आलंय?" "फेरिटिन हजाराच्या वर गेलंय म्हणे." "टोसी कुठे मिळतंय का बघ." ज्यांनी आयुष्यात कधी रक्ताचा रिपोर्ट नीट वाचला नव्हता, तेही शरीरातला दाह सांगणारे हे आकडे व्हॉट्सॲपवर पाठवत होते. त्याच दिवसांत 'सायटोकाइन स्टॉर्म' हा शब्द आला आणि त्याचा अर्थ आपण साधारण असा लावला, की विषाणूपेक्षा आपलीच प्रतिकारशक्ती जास्त खवळली आणि तिनेच घर जाळलं.

अर्थ चुकीचा नाही, पण त्यात एक प्रश्न राहून जातो. खवळली ती खवळली, मग शांत का झाली नाही? साध्या फ्लूमध्येही ती खवळतेच की. चार दिवस अंग मोडून येतं, ताप चढतो आणि पाचव्या दिवशी आपण मऊ वरणभात मागतो. म्हणजे मध्ये कोणीतरी हे सगळं थांबवलेलं असतं. या थांबवण्यात ज्या पेशींचा मोठा वाटा आहे, त्यांचं नाव मात्र भलतंच आहे: नॅचरल किलर. प्रयोगशाळेतली मंडळी त्यांना 'एनके सेल' म्हणतात, आपण एनके पेशी म्हणू.

त्यांचं हे काम माणसाच्या लक्षात आलं ते एका भयंकर रोगामुळे. रोगाचं पूर्ण नाव हिमोफॅगोसायटिक लिम्फोहिस्टिओसायटोसिस. पहिल्या दमात म्हणता आलं तर शाबासकी. डॉक्टरसुद्धा एचएलएच म्हणून मोकळे होतात.

एडिंबरोची दोन बाळं

१९५२ मध्ये स्कॉटलंडमधल्या एडिंबरोच्या फार्कर आणि क्लेरो या डॉक्टरांनी एकाच घरातल्या दोन तान्ह्या भावंडांची हकिगत छापली. ताप उतरत नव्हता, यकृत आणि पानथरी फुगली होती, रक्तातल्या पेशी कमी कमी होत होत्या. दोन्ही बाळं गेली. सूक्ष्मदर्शकाखाली जे दिसलं ते चमत्कारिक होतं. शरीरातल्या मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशी चांगल्या तांबड्या पेशी गिळून बसल्या होत्या. मॅक्रोफेजचं काम एरवी झाडलोटीचं: म्हाताऱ्या पेशी, मेलेले जंतू, पेशींचे तुकडे आवरून घेणं. इथे केराबरोबर घरातलं सामानच बाहेर फेकलं जात होतं. रोगाच्या नावातलं 'हिमोफॅगो' हे त्यावरूनच आलं, रक्त खाणारा.

एकाच आईबापांची दोन मुलं त्याच आजाराने जातात, तेव्हा दोष वारशाने उतरतोय हे कोणीही सांगेल. कुठला दोष, हे कळायला पुढे ४७ वर्षं लागली. मधल्या काळात हा आजार म्हणजे जवळपास निकालच होता. जर्मनीतल्या ग्रिटा यांका यांनी १९८३ मध्ये तोवर नोंदलेल्या मुलांचा आढावा घेतला, तर वर्षभर जगलेली मुलं पाचेक टक्के निघाली. बहुतेक महिना-दोन महिन्यांत जात. आजार दुर्मिळ आहे. स्वीडनमध्ये मोजलं तेव्हा साधारण ५०,००० जन्मांमागे एक असं प्रमाण आलं. पण हा झाला आईबापांकडून आलेला, म्हणजे वारशाचा प्रकार. दुसऱ्या कुठल्या तरी आजाराच्या पाठीवर बसून येणारा एचएलएच याहून कितीतरी जास्त दिसतो. त्याच्याकडे नंतर येऊ.

बिनबोलावलेले पाहुणे

एनके पेशी सापडल्या त्या कोणी शोधत नसताना. सत्तरच्या दशकात बरेच शास्त्रज्ञ एकच प्रयोग करत होते. कर्करोग झालेल्या प्राण्याच्या पांढऱ्या पेशी घ्यायच्या, कर्करोगाच्या पेशींबरोबर ठेवायच्या आणि त्या किती मारतात ते मोजायचं. तुलनेसाठी निरोगी प्राण्याच्या पेशीही ठेवायच्या, ज्यांनी काहीच करू नये अशी अपेक्षा. पंचाईत अशी, की या निरोगी पेशीही मारत होत्या. कुठलीही ओळख नाही, पूर्वतयारी नाही, तरी मारत होत्या. बराच काळ लोकांना वाटलं, आपलाच प्रयोग गढूळ होतोय. १९७५ मध्ये स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत रॉल्फ किसलिंग, इव्हा क्लाइन आणि हान्स विग्झेल यांनी, आणि त्याच सुमारास अमेरिकेत रोनाल्ड हर्बरमन यांनी ठामपणे मांडलं, की हा गोंधळ नव्हे, ही वेगळीच पेशी आहे.

ही पेशी ओळखते कसं? टी पेशी म्हणजे हातात एकाच गुन्हेगाराचा फोटो घेऊन फिरणारा पोलीस. त्याला तो चेहरा सापडेपर्यंत आणि मग स्वतःसारखे हजारो पोलीस तयार करेपर्यंत आठवडाभर जातो. एनके पेशी म्हणजे लोकलमधला टीसी. तुमचा चेहरा कसा आहे याच्याशी त्याला देणंघेणं नाही, पास दाखवा. शरीरातली जवळजवळ प्रत्येक पेशी आपल्या अंगावर 'मी घरचीच' अशी खूण बाळगून असते. टी पेशींना चकवण्यासाठी कित्येक विषाणू आणि कर्करोग ही खूणच पुसून टाकतात, कारण टी पेशी चेहरा बघतात तो याच खुणेच्या चौकटीत. खूण पुसली की पोलीस चकतो, पण टीसीच्या हाती सापडतो. क्लास कॅरे आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांतून हे दाखवलं. अर्थात टीसीसुद्धा नुसत्या पासवर निर्णय घेत नाही. पेशी त्रासात असली की तिच्या अंगावर काही धोक्याच्या खुणा उमटतात, त्याही एनके पेशी वाचते आणि दोन्ही बाजू तोलून हात उचलते.

रक्तातल्या लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशींत एनके पेशींचा वाटा साधारण ५ ते १५ टक्के. म्हणजे फौज लहान, पण सदैव पहाऱ्यावर.

कुस्ती

आता मारण्याची रीत बघू, कारण सगळा रोग तिथेच अडकलेला आहे.

एनके पेशी दुरून गोळी घालत नाही. ती लक्ष्याला चिकटते, मल्लाने मल्लाला धरावं तशी. तिच्या पोटात छोट्या छोट्या पिशव्या असतात आणि त्यांत दोन प्रकारची हत्यारं. एक पर्फोरिन, जे समोरच्या पेशीच्या पापुद्र्याला भोकं पाडतं. दुसरी ग्रॅन्झाईम, जी त्या भोकांतून आत शिरतात आणि समोरच्या पेशीला आतूनच आवरतं घ्यायला लावतात. ती फुटून घाण करत नाही, शिस्तीत मरते. चिकटल्यावर या पिशव्या संपर्काच्या जागेकडे सरकतात, कडेला लागतात, पेशीच्या भिंतीशी एकजीव होतात आणि आतला माल दोन पेशींच्या मधल्या फटीत ओततात. काही मिनिटांत समोरची पेशी चितपट. एनके पेशी हात सोडून पुढच्या कुस्तीला. सक्रिय झालेल्या मारक टी पेशींची रीतही हीच. हत्यारं तीच, पिशव्या त्याच.

पश्चिम महाराष्ट्रातल्या जत्रेतली कुस्ती ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हलगी आठवेल. मल्ल भिडले की हलगी कडाडते आणि डाव रंगला की तिचा ठेका वाढत जातो. पेशींच्या कुस्तीतही हलगी असते. जोवर मारक पेशी लक्ष्याला धरून आहे, तोवर ती सायटोकाइन सोडत राहते, म्हणजे आजूबाजूला निरोप पाठवत राहते: 'इथे झुंज चालू आहे, या!' यातला सगळ्यात कडक निरोप इंटरफेरॉन गॅमा. तो ऐकून मॅक्रोफेज खवळतात. कुस्ती निकाली निघाली, हात सुटले, की हलगी थांबते.

मग समजा, मल्लाला डावच टाकता आला नाही तर?

हेच नेमकं मोजून पाहिलं ते ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नमधल्या शास्त्रज्ञांनी. मिस्टी जेंकिन्स, इल्या व्होस्कोबॉयनिक आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये पर्फोरिन नसलेल्या मारक पेशी सूक्ष्मदर्शकाखाली जिवंत पाहिल्या. त्या लक्ष्याला चिकटल्या, पण मारता येईना आणि सोडताही येईना. साध्या मारक पेशींच्या सुमारे पाचपट वेळ त्या तशाच चिकटून राहिल्या आणि त्या सगळ्या वेळात सायटोकाइन ओतत राहिल्या. गंमत अशी, की हात सोडण्याचा इशारा मरणाऱ्या पेशीकडून येतो. समोरचा मरायला लागला तरच मारणारा मोकळा होतो. समोरचा मरतच नसेल, तर कुस्तीही चालू आणि हलगीही.

मला या सगळ्या विषयातली हीच गोष्ट सगळ्यात विलक्षण वाटते. वादळ उठतं ते ताकद उतू जाते म्हणून, असं आपण धरून चालतो. इथे तर एक ताकद कमी पडल्यामुळे वादळ उठतंय. 'इम्युनिटी बूस्टर' म्हणून काढे आणि गोळ्या विकणाऱ्यांना या रोगाबद्दल एकदा विचारायला हवं, की यातलं नेमकं काय वाढवू?

एनके पेशींची आणखी एक जबाबदारी आहे आणि ती थोडी अप्रिय आहे. संसर्ग झाला की मारक टी पेशी भराभर वाढतात. त्यांना चेहरा दाखवणाऱ्या, चेतवणाऱ्या पेशीही जोरात असतात. काम संपत आलं की ही खोगीरभरती कमी करावी लागते. एनके पेशी अतिचेतलेल्या टी पेशींना मारतात. चेतवणाऱ्या पेशी आवरण्यातही मारक पेशींचा हात असतो. म्हणजे घरच्यांवरच हात उचलायचा. उंदरांच्या प्रयोगांत असं दिसलं, की ज्यांच्या एनके पेशींत मारण्याची ताकद शाबूत आहे, त्यांच्यात एचएलएच सारखा आजार सौम्य राहतो, जरी त्या एनके पेशींमुळे विषाणू काही जास्त मरत नव्हते. त्यांनी फक्त टी पेशींना आणि मॅक्रोफेजना आवरून धरलं होतं.

आता सगळं एकत्र मांडून बघा. साधा विषाणू येतो. मारक पेशी धावतात, चिकटतात, मारू शकत नाहीत. इंटरफेरॉन गॅमा वाहत राहतो. मॅक्रोफेज पिसाळतात, तांबड्या पेशी आणि प्लेटलेट गिळतात, स्वतःही सायटोकाइन सोडतात. यकृत, पानथरी, मेंदूपर्यंत या पेशी घुसतात. त्या आरड्याओरड्याने आणखी टी पेशी जाग्या होतात आणि त्यांनाही आवरणारं कोणी नाही. विषाणू यात केव्हाच दुय्यम झालेला असतो.

इंटरफेरॉन गॅमाला मुख्य आरोपी ठरवणारा प्रयोग २००४ चा. करणाऱ्याचं नाव मायकेल जॉर्डन (हो, नाव तेच, पण हे बालरोगतज्ज्ञ). पर्फोरिन नसलेल्या उंदरांना एक विषाणू टोचला की त्यांना हुबेहूब एचएलएच होतो. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी एकेक सायटोकाइन रोखून पाहिलं. बाकीची रोखून उंदीर वाचले नाहीत. इंटरफेरॉन गॅमा रोखला किंवा मारक टी पेशी काढून टाकल्या, तेव्हा मात्र जगले.

डाव कुठे फसतो

मारण्याच्या साखळीत पायऱ्या अनेक, म्हणून बिघाडही अनेक. पहिला सापडला तो १९९९ मध्ये: काही घराण्यांत पर्फोरिनचं जनुकच बिघडलेलं. हत्यारच नाही. २००३ मध्ये कळलं, की काही मुलांत हत्यार आहे, पण पिशवी कडेला येऊनही उघडण्यासाठी तयार होत नाही. मग २००५ आणि २००९ मध्ये पिशवी पेशीच्या भिंतीशी एकजीव करणाऱ्या आणखी दोन प्रथिनांचे दोष सापडले. आजार एकच दिसतो, पण कोणाचं म्यान रिकामं, कोणाची तलवार म्यानातून निघत नाही.

यातला माझा आवडता (रोगाला आवडता म्हणू नये, पण त्यातलं शास्त्र आवडतं) प्रकार म्हणजे ग्रिसेली सिंड्रोमचा दुसरा प्रकार. या मुलांचे केस जन्मतः चांदीसारखे, करडे चमकदार असतात. आजीला वाटतं, बाळ गोरंगोमटं आहे, केस सोनेरी आहेत. काही महिन्यांनी ताप येतो आणि उतरतच नाही. केसांचा आणि तापाचा संबंध काय? संबंध असा, की त्वचेतल्या पेशी काळा रंग छोट्या पिशव्यांत भरून कडेला नेतात आणि तिथून तो केसात जातो. ही रंगाची पिशवी कडेला बांधून ठेवणारं एक प्रथिन आहे, रॅब२७ए. मारक पेशींतली हत्यारांची पिशवी कडेला लावायलाही हेच प्रथिन लागतं. हमाल एकच, रंगाच्या दुकानातही तोच आणि शस्त्रागारातही तोच. तो कामावर नसला, की केसात रंग पोचत नाही आणि कुस्तीत हत्यार. अशा बाळाचा एक केस साध्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तर रंग सारखा पसरलेला न दिसता गठ्ठ्या-गठ्ठ्यांनी साचलेला दिसतो. हजारो रुपयांच्या जनुकीय चाचणीच्या आधी, तालुक्याच्या गावीसुद्धा करता येईल अशी ही तपासणी आहे, आणि डॉक्टरांनी नुसतं बाळाच्या केसांकडे नीट बघण्यावर ती अवलंबून आहे.

यातले बहुतेक दोष असे, की आई आणि बाप दोघांकडून बिघडलेली प्रत आली तरच आजार होतो. दोघंही वाहक असतील, तर दर बाळंतपणात चारात एक शक्यता. एकाच घराण्यात एकच बिघडलेली प्रत फिरत असते, त्यामुळे नात्यातल्या लग्नांत अशा दोन प्रती एकत्र येण्याचा संभव वाढतो. महाराष्ट्रात कितीतरी समाजांत मामाची मुलगी करण्याची रीत आहे. म्हणून कोणी अपराधी वाटून घेण्याचं कारण नाही, पण घरात आधी एखादं बाळ अशा न उतरणाऱ्या तापाने गेलं असेल, तर ती गोष्ट डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगावी. कित्येकदा निदानाचा धागा तिथेच असतो.

जनुकं चांगली, तरी वादळ

मोठ्या माणसांत आणि बऱ्याच मुलांतही एचएलएच येतो तो जनुकांत असा ठळक दोष नसताना. निमित्तं अशी: एप्स्टीन-बार नावाचा विषाणू, लिम्फोमासारखे कर्करोग, आणि आपल्याकडे डेंग्यू, मलेरिया, टायफॉइड, टीबी, स्क्रब टायफस. २०१८ च्या पावसाळ्यात विदर्भात स्क्रब टायफसचे बरेच रुग्ण निघाले, तेव्हा गवतातल्या किड्यांच्या बारीक पिल्लांपासून होणारा हा ताप पुष्कळांनी पहिल्यांदाच ऐकला. अंगावर कुठेतरी विडीचा चटका बसल्यासारखी काळी खपली असते, बरेचदा काखेत किंवा जांघेत, जिथे कोणी बघत नाही. स्क्रब टायफसमुळे एचएलएच झाला असेल, तर डॉक्सीसायक्लिनसारख्या जुन्या, स्वस्त औषधाने मूळ जंतू मारला की पुष्कळांत वादळही ओसरतं. बिहारकडच्या काळ्या आजाराचंही तेच, फक्त औषध वेगळं. म्हणून इथे डॉक्टरांनी आधी संसर्ग शोधणं हे रुग्णाचे कपडे काढून सगळं अंग बघण्याइतकं साधं आणि तितकंच दुर्लक्षित काम आहे.

लहान मुलांच्या संधिवाताचा एक प्रकार आहे, ज्यात सांध्यांबरोबर रोज ताप चढतो आणि अंगावर पुरळ येतं. त्यातही एनके पेशी मंद पडतात आणि एचएलएचचाच भाऊ शोभेल असा झटका येतो. त्याला मॅक्रोफेज ॲक्टिव्हेशन सिंड्रोम म्हणतात. त्यात एक फसवणूक आहे. अशा मुलाचा ईएसआर, म्हणजे दाह दाखवणारा रक्तातला आणखी एक आकडा, नेहमी वाढलेला असतो. झटका येतो तेव्हा तो अचानक खाली येतो आणि पालकांना वाटतं, सुधारणा आहे. प्रत्यक्षात रक्त गोठवणारं फायब्रिनोजन खलास होत असतं आणि त्याच्यावर ईएसआर बऱ्याच अंशी अवलंबून असतो. मूल आजारी, ताप चढता, प्लेटलेट उतरत्या आणि ईएसआर 'छान', असं चित्र दिसलं की पळायची वेळ झाली.

इथे एनके पेशी मंद का पडतात? जनुकं तर बरी आहेत. एक कारण म्हणजे वादळच त्यांना मंद करतं. इंटरल्युकिन-६ नावाचं सायटोकाइन खूप वाढलं, तर एनके पेशींतलं पर्फोरिन आणि ग्रॅन्झाईम कमी होतं, मारण्याची ताकद घटते. २०२१ मधलं ते टोसी, म्हणजे टोसिलिझुमॅब, याच इंटरल्युकिन-६ ची वाट अडवतं. संधिवाताच्या या मुलांत इंटरल्युकिन-१८ ही प्रचंड वाढलेलं सापडतं. शिवाय पर्फोरिन किंवा पिशव्यांच्या जनुकाची एकच प्रत थोडी अधू असलेली माणसंही असतात. एरवी त्यांना काही होत नाही, डोंगर चढायला लागला की दम लागतो तसं मोठ्या संसर्गात त्यांचं उणेपण उघडं पडतं.

आणि हेही सांगायला हवं, की सगळा दोष एनके पेशींवर टाकता येत नाही. एक्सआयएपी नावाच्या जनुकाचा बिघाड असलेल्या मुलग्यांत एनके पेशी व्यवस्थित मारतात, तरी त्यांना एचएलएच होतो. तिथे आग मॅक्रोफेजच्या घरातच लागते.

रिपोर्ट कसा वाचायचा

एचएलएचचं निदान आठ निकषांवर करायची रीत २००४ पासून होती. आठांपैकी पाच हवेत: ताप, फुगलेली पानथरी, रक्तपेशींच्या तीनपैकी किमान दोन प्रकारांत घट, रक्तातली चरबी वाढलेली किंवा फायब्रिनोजन घटलेलं, मज्जेत रक्त खाणाऱ्या पेशी, ५०० च्या वर फेरिटिन, सीडी२५ नावाचा टी पेशी चेतल्याचा पुरावा, आणि एनके पेशींची मंदावलेली ताकद. फेरिटिन ५०० च्या वर जाणं आपल्याकडे काही विशेष नाही, डेंग्यूतही जातं. मुलांमध्ये ते १०,००० च्या वर गेलं, तर मात्र एचएलएचचा संशय पक्का धरतात.

एनके पेशींची ताकद मोजायची रीत जुनी. के५६२ नावाच्या ल्युकेमियाच्या पेशी घ्यायच्या, ज्यांच्याकडे 'मी घरचीच' हा पास जवळजवळ नाहीच, म्हणजे टीसीचं आयतं गिऱ्हाईक. रुग्णाच्या पेशी त्यांच्यात मिसळायच्या आणि किती मेल्या ते मोजायचं. अडचण अशी, की वादळात रक्तातल्या एनके पेशींची संख्याच घटते. दहा मल्लांच्या जागी दोन उरले, तर कुस्त्या कमीच होणार. त्यावरून त्या दोघांना डाव येत नाही, असं कसं म्हणता येईल? शिवाय रक्त ताजं लागतं, दूरच्या गावाहून येईपर्यंत पेशी मलूल होतात. २०२४ मध्ये निकष पुन्हा तपासले, तेव्हा एनके पेशींची ही चाचणी यादीतून काढली आणि सातांपैकी पाच असं ठेवलं. वाचताना विचित्र वाटतं, कारण रोगाचं मूळच तिथे आहे. पण मूळ असणं वेगळं आणि नेमकं मोजता येणं वेगळं.

त्या जागी आता दोन तपासण्या जास्त भरवशाच्या मानतात. पहिली सरळ: पेशीत पर्फोरिन आहे की नाही ते रंगवून बघणं. दुसरी हुशार आहे. पिशवी रिकामी झाली, की तिच्या आतलं अस्तर पेशीच्या बाहेरच्या अंगाला दिसू लागतं, खिसा उलटा करून झटकल्यावर दिसतं तसं. त्या अस्तरावर सीडी१०७ए नावाची खूण असते. पेशीला चिथवलं आणि खूण बाहेर दिसली, तर पिशव्या उघडतायत. पर्फोरिन आहे पण खूण दिसत नाही, तर तलवार म्यानातच अडकली आहे. मुंबईत परळला केईएमच्या आवारात असलेल्या राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेत वारशाने येणाऱ्या एचएलएचवर बरंच काम झालं आहे, भारतीय मुलांतल्या जनुकदोषांच्या नोंदीही तिथून छापल्या गेल्या आहेत.

आग विझवायची, मग भिंत बांधायची

उपचार ऐकून नातेवाईक आधी हादरतात. पोराला संसर्ग आहे, रक्तपेशी कमी आहेत आणि डॉक्टर केमोथेरपी म्हणतात! एटोपोसाइड हे कर्करोगाचं औषध इथे द्यायचं ते अतिचेतलेल्या टी पेशी मारण्यासाठी, म्हणजे जे काम मारक पेशींनी करायला हवं होतं ते औषधाने करून घ्यायचं. जोडीला डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड. १९९४ पासून ही पद्धत नेटकी मांडली गेली, तिचं नावच एचएलएच-९४. तिच्याखाली उपचार घेतलेल्या मुलांपैकी ५४ टक्के पाच वर्षांनी जिवंत होती. यांकांच्या पाचेक टक्क्यांशेजारी हा आकडा ठेवून बघा. इंटरफेरॉन गॅमालाच पकडून ठेवणारं इमापालुमॅब हे औषध अमेरिकेत नोव्हेंबर २०१८ मध्ये मान्य झालं. आधीचे उपचार थकलेल्या २७ रुग्णांपैकी १७ जणांना त्याचा गुण आला. उंदरांवरच्या २००४ च्या प्रयोगातून निघालेली ती सरळ वाट.

पण दोष जनुकात असेल, तर हे सगळं पाणी मारणं झालं. भिंत नवी बांधायची, तर बोन मॅरो ट्रान्सप्लांट, म्हणजे दुसऱ्याच्या मज्जेतून नव्या मारक पेशी. यात एक दिलासा आहे: रक्तातल्या सगळ्याच पेशी दात्याच्या व्हाव्या लागत नाहीत. साधारण २० ते ३० टक्के दात्याच्या टिकल्या, तरी आजार बहुधा उलटत नाही. दहा मल्लांत दोन-तीन पक्के असले, की आखाडा आवरतो.

दाता म्हणून आधी सख्खं भावंड बघतात, कारण जुळण्याची शक्यता तिथे जास्त. पण त्याच भावंडात तोच दोष लपलेला असू शकतो, फक्त त्याची पाळी अजून आलेली नसते. म्हणून दाता ठरवण्याआधी त्याचीही पर्फोरिनची आणि जनुकाची तपासणी करतात. आजारी बाळाच्या खाटेशेजारी हुंदडणारा, हसता-खेळता मोठा भाऊ त्या दिवशी पहिल्यांदा सुई टोचून घेतो आणि त्याच्या रिपोर्टची वाट घरातली माणसं दोन कारणांनी बघत असतात.